पाडव्याची गुढी: शास्त्र किती, रिवाज किती

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नानंतर बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरची गुढी उभारायची आहे. माहेर सांगलीकडचं, तिथे खण आणि तांब्याचा गडू. सासर नांदेडकडचं, तिथे जरीची साडी आणि चांदीचं फुलपात्र. दोन्ही घरं म्हणतात, आमचीच रीत खरी. त्यात फोनवर दर चैत्रात फिरणारे दोन संदेश: एक म्हणजे गुढी संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झाली, आणि दुसरा म्हणजे उपडा कलश अशुभ असतो. यातलं खरं काय, गुढी मुळात आली कुठून आणि करायची कशी?

ताई, मी भिक्षुकी करतो. पाडव्याच्या आधीचा आठवडाभर माझा फोन याच प्रश्नांनी वाजत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल: शास्त्राने या दिवशी मोजकीच कामं सांगितली आहेत. गुढीचं जे रूप आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते जवळजवळ सगळं घरोघरच्या रिवाजाने घडलेलं आहे. रिवाजाला खरा-खोटा असं काही नसतं.

आम्ही ज्या ग्रंथावरून व्रतं-सण सांगतो तो धर्मसिंधू, काशीनाथ उपाध्यायांनी पंढरपुरात १७९० च्या सुमारास पुरा केला. त्यात आणि आधीच्या निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांत, चैत्र शुद्ध प्रतिपदेची जी कृत्यं येतात ती अशी: अंगाला तेल लावून स्नान, घरोघरी ध्वज उभारणं, कडुनिंब खाणं, नव्या वर्षाचं फल ऐकणं, देवीच्या नवरात्राची सुरुवात आणि प्रपादान, म्हणजे पाणपोई घालणं. पंचांगांतून येणारा श्लोकही तेवढंच म्हणतो: ‘प्राप्ते नूतनवत्सरे प्रतिगृहं कुर्याद् ध्वजारोपणम्’. ध्वज प्रत्येक घरी लावा, संपलं. काठी किती लांब, कापड खणाचं की साडीचं, वर गडू की फुलपात्र, याबद्दल त्यात अक्षर नाही. तेव्हा सांगली आणि नांदेड दोघंही बरोबर.

तेलाच्या स्नानाबद्दल मात्र शास्त्र कडक आहे. वर्षारंभी, वसंतारंभी आणि बलिप्रतिपदेला तेल न लावणारा नरकात जातो, असा श्लोकच आहे. गंमत अशी की लोक मला गडूच्या तोंडाची दिशा विचारतात, तेलाचं कुणीच विचारत नाही. दिवाळीच्या पाडव्याला उटणं लावतात, चैत्राच्या पाडव्याला शॉवरखाली उभे राहतात.

प्रपादानही असंच विस्मरणात गेलं. चैत्र प्रतिपदेपासून उन्हाळ्याचे चार महिने वाटसरूंसाठी पाणी ठेवायचं, आणि ज्याला पाणपोई घालणं झेपत नाही त्याने रोज पाण्याने भरलेला एक घट दान द्यायचा. त्याला धर्मघट म्हणतात. मला हा या दिवसाचा सगळ्यांत शहाणा भाग वाटतो. तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक माठ आणि ओगराळं ठेवलंत, तर ते शंभर टक्के शास्त्रोक्त आहे. कुरिअरवाल्या पोरांना रोज पाणी मिळेल.

आता उगमाकडे. एकच उगम सांगणाऱ्याचं ऐकू नका. निदान तीन-चार वेगवेगळे धागे आहेत आणि ते वेगवेगळ्या काळातले आहेत.

सगळ्यांत जुना धागा काठीचा. महाभारताच्या आदिपर्वात चेदी देशाच्या उपरिचर वसू राजाची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची काठी दिली. वर्ष संपल्यावर वसूने ती इंद्राच्या पूजेसाठी जमिनीत रोवली. तेव्हापासून राजे अशी काठी रोवतात आणि दुसऱ्या दिवशी तिला गंध, माळा, दागिने घालून उंच उभी करतात, असं तिथे म्हटलं आहे. वेळूची काठी, सजावट, वर्षाची अखेर: आपल्या गुढीचं चित्र यात दिसतंच. पण सरळ रेघ ओढायला मी धजत नाही, कारण वराहमिहिराच्या बृहत्संहितेत इंद्रध्वजाचा उत्सव येतो तो भाद्रपदातला, आणि काठमांडूत इंद्रजात्रेचा भला मोठा लाकडी खांब आजही भाद्रपदाच्याच सुमारास उभा करतात. काठीपूजा आपल्याकडे चैत्रातही आहेच म्हणा. जोतिबाला चैत्री पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या येतात, त्या एकदा पाहा. सजवलेली उंच काठी म्हणजे देव किंवा देवाचा मान, ही कल्पना या मातीत फार खोल गेलेली आहे आणि गुढी तिच्याच कुळातली आहे.

दुसरा धागा वर्षारंभाचा. ‘चैत्रे मासि जगद् ब्रह्मा ससर्ज प्रथमेऽहनि’, चैत्राच्या पहिल्या दिवशी सूर्योदयाला ब्रह्मदेवाने जग निर्माण केलं, हे वचन ब्रह्मपुराणातलं म्हणून देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकात उद्धृत करतो. गुढीला आम्ही ‘ब्रह्मध्वज’ म्हणून नमस्कार करतो तो यामुळे. हा वर्षारंभ फक्त मराठी माणसाचा नाही. तुमच्या शेजारी त्याच दिवशी युगादी असेल आणि बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, घेऊन कुणीतरी तुमच्या दारात येईलच. आंध्र-तेलंगणात उगादी, गोव्यात संवसार पाडवो, काश्मिरी पंडितांचं नवरेह, सगळे याच तिथीला. सिंधी लोकांचा चेटीचंड दुसऱ्या दिवशी, चंद्र दिसतो तेव्हा. वर्षारंभ सगळ्यांचा, पण दारात काठी उभारणं ही खास मराठी मुलखातली गोष्ट.

तिसरा धागा शालिवाहनाचा. पैठणला कुंभाराघरी वाढलेल्या पोराने मातीचे सैनिक केले, त्यांवर पाणी शिंपडून जिवंत केलं आणि शत्रूला हरवलं, त्या विजयाची गुढी, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. शककालगणना इ. स. ७८ पासूनची हे पक्कं. पण ती सातवाहनांनी, म्हणजे ज्या राजघराण्यातला हा शालिवाहन मानतात त्यांनी, सुरू केली असं इतिहासकार मानत नाहीत. जुने लेख नुसतं ‘शक’ म्हणतात. बदामीचा पुलकेशी पहिला याचा शके ४६५ चा, म्हणजे इ. स. ५४३ चा खडकावरचा लेख प्रसिद्ध आहे, त्यातही शकवर्षच आहे. शालिवाहनाचं नाव या गणनेला कित्येक शतकांनी चिकटलं. तरी गोष्ट अगदीच हवेतली म्हणता येत नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात या शक वंशाच्या नहपानाला खरोखरच धुळीला मिळवलं होतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला, तेरा हजारांवर नाणी. सगळी मूळची नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. त्या विजयाची आठवण लोकांनी मातीच्या सैनिकांत जपली असेल, तर नवल नाही.

रामाच्या कथेचं मात्र जपून सांगावं. राम पाडव्याला अयोध्येत आला म्हणून गुढ्या उभारल्या, हे घरोघरी सांगतात. वाल्मीकी रामायणात चौदा वर्षं पुरी होऊन राम भरद्वाजांच्या आश्रमात पोचतो ती तिथी पंचमी आहे. वालीचा वध पाडव्याचा म्हणतात, पण त्यानंतर लगेच राम सुग्रीवाला सांगतो की आता पावसाळ्याचा पहिला महिना श्रावण लागला. कथा सांगायला हरकत नाही, मीही सांगतो. पुरावा म्हणून वापरू नये.

आता तो संदेश. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला झाली, तिथी फाल्गुन वद्य अमावास्या, आणि दुसरा दिवस चैत्र शुद्ध प्रतिपदा. एवढं खरं. त्या योगायोगाने अनेकांच्या मनात कालवाकालव होते आणि त्या दिवशी महाराजांचं स्मरण करावंसं वाटतं, यात गैर काहीच नाही. वढू-तुळापूरला लोक जातातही. पण म्हणून गुढी तेव्हा सुरू झाली, हे टिकत नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्या चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात: ‘सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं’. चोखोबा म्हणतात: ‘टाळी वाजवावी गुढी उभारावी । वाट ही चालावी पंढरीची’. तुकोबांच्या गाथेत गोविंद गोपाळांना हातात गुढी देऊन पुढे पाठवतो. हे सगळे १६८९ च्या आधीचे. आनंदाची, विजयाची, आगमनाची खूण म्हणून गुढी उभारणं मराठी माणसाच्या बोलण्यात तेव्हा इतकं मुरलेलं होतं की संतांना समजावून सांगावं लागत नव्हतं. उलट बाजूने वाद घालणाऱ्यांनाही मी सांगतो, या ओव्या-अभंगांत पाडव्याचा दिवस नाही, फक्त गुढी आहे. त्यांतून गुढीचं वय कळतं, सणाचं नाही. जेवढं सिद्ध होतं तेवढंच म्हणावं.

उपड्या कलशाचं उत्तर याहून छोटं आहे. पूजेतला कलश भरलेला असतो, त्यात पाणी, आंब्याची पानं, वर नारळ. तो उपडा घातला तर अशुभच. गुढीवरचा गडू हा तो कलश नव्हे. तो काठीच्या माथ्याचा अलंकार आहे आणि काठीच्या टोकावर तो उपडाच बसतो. सुलटा बसवायला जाल तर पडेल. अलीकडे कुणीकुणी वर सुलटा कलश बांधून दाखवतात. त्यांना मी नको म्हणत नाही, पण खालून जाणाऱ्याच्या डोक्याची काळजी वाटते.

पाडवा कुठल्या दिवशी धरायचा हेही विचारा, कारण परदेशातल्या यजमानांचा पहिला प्रश्न तोच असतो. सूर्योदयाला प्रतिपदा असेल तो दिवस. दोन्ही दिवशी असेल किंवा दोन्ही दिवशी नसेल, तर आधीचा. २०२६ चा पाडवा याचं झकास उदाहरण आहे. १९ मार्च, गुरुवार. सकाळी पावणेसातच्या जरा पुढे अमावास्या संपते, पण बेंगळुरू काय, पुणे-मुंबई काय, सूर्य त्याआधीच उगवलेला असतो. प्रतिपदा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत संपून जाते. म्हणजे तिला सूर्योदय मिळतच नाही, क्षयतिथी. नियमाप्रमाणे पाडवा १९ लाच, गुढी अमावास्या सुटल्यावर. न्यूयॉर्कला याच तिथीला आदल्या रात्री सुरुवात होते, त्यामुळे तिकडे १९ च्या सूर्योदयाला सरळ प्रतिपदा आहे आणि काही प्रश्नच नाही. म्हणून आपल्या गावचं पंचांग पाहावं, काकूंनी पुण्याहून पाठवलेली वेळ डोळे झाकून घेऊ नये. सरकारी कॅलेंडरातला १ चैत्र मात्र वेगळा. तो २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सौर पंचांगाचा, दरवर्षी २२ किंवा २१ मार्चलाच येणारा. त्याचा गुढीशी संबंध नाही.

संवत्सराचं नाव घरी काढता येतं. शकात बारा मिळवा, साठाने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला, पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक. शके १९४८: १९६० भागिले ६०, बाकी ४०, चाळिसावा संवत्सर पराभव. नावाने घाबरू नका, साठांच्या फेऱ्यात ते येतंच. प्रतिपदेचा वार तो वर्षाचा राजा, म्हणून शके १९४८ चा राजा गुरू.

खेड्यात नव्या वर्षाचं हे फल वाचणं, म्हणजे पाडवावाचन, मारुतीच्या देवळात व्हायचं, काही ठिकाणी अजून होतं. ग्रामजोशी पाटावर बसून वर्षाचा राजा, मंत्री, पाऊस किती आढक (हे जुनं माप), मेघाचा निवास कुणाच्या घरी, हे वाचतो आणि पारावरची मंडळी त्यावर मनसोक्त टीका करतात. पाऊस रजकाच्या, म्हणजे परटाच्या, घरी म्हटलं की म्हातारे खूश, कारण तिथे पाणी भरपूर. हवामान खात्याचा अंदाज सगळे मोबाइलवर बघतात आणि तरीही देवळात येऊन बसतात. तुमच्या सासऱ्यांना सालगड्याचं विचारा. मराठवाड्यात शेतावरच्या गड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं: धान्य किती, रोख किती, कपडे किती, उचल किती. जमिनी बटईने देण्याचे करारही बऱ्याच गावांत याच दिवशी. रब्बी घरात आलेली, खरीप लांब, हिशेब मिटवायला याहून सोयीचा दिवस नाही. शहरी लोक पाडवा म्हणजे सोनं आणि गाडीचं बुकिंग समजतात, पण ज्याचं वर्ष खरोखर त्या दिवशी बदलतं तो हा सालगडी. साडेतीन मुहूर्तांतला हा एक, म्हणून त्या दिवशी खरेदी-आरंभ न विचारता करा. लग्न-मुंजीचं असेल तर आम्ही वेगळा मुहूर्त पाहतोच.

शोभायात्रा हा या सगळ्यातला सर्वांत तरुण रिवाज. डोंबिवलीला गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि मग गिरगाव, ठाणे असं लोण पसरलं. नऊवारी नेसून बुलेटवर बसणं हे धर्मसिंधूत नाही, पण छान दिसतं.

आता प्रत्यक्ष कृती. वेळूची काठी घ्या. बेंगळुरूत न मिळाली तर कुठलीही स्वच्छ, सरळ लाकडी काठी चालेल, फक्त झाडूची नको. आदल्या दिवशी धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवा. कापडाला निऱ्या घाला आणि वरच्या टोकाला सुतळीने बांधा. इथे बहुतेकांचं चुकतं. वेळू गुळगुळीत असतो, नुसत्या सुतळीवर जरीचं कापड दुपारपर्यंत हातभर खाली घसरतं. वरच्या पेराची जी गाठ असते तिच्या लगेच वर सुतळीचे तीन-चार वेढे घ्या, म्हणजे ते गाठीवर अडकून राहतात. त्याच बांधणीत कडुनिंबाची डहाळी, आंब्याची डहाळी, साखरेची गाठी आणि फुलांचा हार खोचा. मग टोकाला कापडाची चिंधी गुंडाळून त्यावर गडू दाबून बसवा, वाऱ्याने हलणार नाही. गडूला हळदीकुंकवाची बोटं ओढा किंवा स्वस्तिक काढा.

गाठी मात्र शक्य तर गावाहून मागवा. लाकडी साच्यांच्या खाचांतून दोरा ओढून त्यावर साखरेचा कडक पाक ओततात, काही मिनिटांत बत्तासे दोऱ्यासकट सुटून येतात. होळीपासून पाडव्यापर्यंतच हा धंदा चालतो. प्लॅस्टिकच्या माळा निघाल्या आहेत, त्या मला मुळीच आवडत नाहीत.

दारात किंवा बाल्कनीत पाट, पाटाखाली रांगोळी, काठी पाटावर टेकवून कठड्याला दोन ठिकाणी बांधा. बहुतेक घरांत आतून बाहेर पाहताना उजव्या हाताला उभारतात. गंध, अक्षता, फूल वाहून म्हणा: ‘ब्रह्मध्वज नमस्तेऽस्तु सर्वाभीष्टफलप्रद । प्राप्तेऽस्मिन् वत्सरे नित्यं मद्गृहे मङ्गलं कुरु ॥’ पाठ नसेल तर मराठीत म्हणा, देवाला चालतं. घरातल्या कुणीही उभारावी, बाईने उभारू नये असं कुठेही म्हटलेलं नाही.

कडुनिंबाची पानं कोवळी घ्या, फुलोरा मिळाला तर उत्तम. श्लोकात मिरी, मीठ, हिंग, जिरं आणि ओवा सांगितला आहे. आमच्याकडे त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चिंच, गूळ घालून वाटतात, आणि सुपारीएवढी गोळी प्रत्येकाला देतात. ‘भक्षयेद्रोगशान्तये’ असं म्हटलंय खरं, पण एका गोळीने वर्षाचे आजार जातात असं मी कुणाला सांगत नाही. मुलं गूळ जास्त मागतात, द्या. नैवेद्याला श्रीखंड-पुरी की पुरणपोळी यावर मी दोन घरांच्या मध्ये पडणार नाही.

सोयर-सुतक असेल तर गुढी उभारू नये. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर वर्ष पाळण्याचा रिवाज काही घरांत आहे, काहींत नाही. तो आईला नि सासूबाईंना विचारा.

सूर्यास्ताच्या आधी हळदकुंकू वाहून, गूळ किंवा धणे-गुळाचा नैवेद्य दाखवून गुढी उतरवा. कापड झटकून घडी घाला, साडी असेल तर नेसायला हरकत नाही, ती वापरायचीच असते. आंब्याची पानं आणि कडुनिंब झाडाच्या मुळाशी टाका. गाठी त्याच संध्याकाळी सगळ्यांत वाटा किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बेंगळुरूच्या मुंग्या तिथी पाहत नाहीत.